कुटुंबाचा रकाना

आमच्या भागात विमा विकणारा आणि सोयरीक जुळवणारा हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. यात नवल काही नाही. दोन्ही धंद्यांना माहिती तीच लागते: मुलाचं वय किती, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात आजारपण काय. आमच्याकडे येणारे काका चिंचणीचे. नात्यातले नव्हेत, पण डहाणूपासून तलासरीपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या तपकिरी रेक्झिनच्या बॅगेत एका कप्प्यात विम्याचे फॉर्म असत आणि दुसऱ्यात लग्नाळू मुलामुलींचे बायोडेटा. मी त्यांना एकदा म्हटलं होतं की काका, कधीतरी घोटाळा होईल आणि कुणाच्या तरी सासऱ्याला तुम्ही जावयाऐवजी पॉलिसी दाखवाल. ते हसले आणि म्हणाले की सासरे पॉलिसी बघूनच जास्त खूश होतात.

२०१४ च्या मार्चमध्ये ते माझ्यासाठी दोन्ही कप्पे उघडून बसले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, तलासरीच्या एका कॉलेजात लिपिक. रोज डहाणूहून एसटीने जायचो आणि संध्याकाळी हायवेच्या धुळीने भरून परत यायचो. नोकरी पक्की होती पण पगार सांगण्यासारखा नव्हता. काकांचं म्हणणं असं की पगार लहान असला तर विमा मोठा दाखवावा. त्यासाठी मुदत विमा सगळ्यात स्वस्त. सात वर्षांची मुदत, त्या सात वर्षांत मी मेलो तर घरच्यांना मोठी रक्कम मिळणार, आणि जगलो तर एक पैसाही नाही. मला तो जगल्याबद्दलचा दंडच वाटला, पण हप्ता खरोखरच कमी होता. हीच पॉलिसी पुढे कायमच्या, म्हणजे आयुष्यभराच्या विम्यात बदलून घेता येते असंही काका बोलता बोलता म्हणाले होते. माझं लक्ष नव्हतं. मी दुसऱ्या कप्प्यातून डोकावणाऱ्या फोटोकडे बघत होतो.

फॉर्म भरून झाला, सह्या झाल्या, चहा झाला. माझ्या बायोडेटात एक ओळ वाढली.

त्या दिवशी ताई घरी नव्हती. माझी मोठी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी. ती जन्मापासून वेगळी आहे. चारपाच वर्षांच्या मुलाला कळावं तेवढं तिला कळतं, आणि काही बाबतीत त्याहून पुष्कळ जास्त. बोलते थोडं. मला बाबू म्हणते. आमच्याकडे सोयरिकीची बोलणी सुरू झाली की तिला गंजाडला आत्याकडे नेऊन ठेवायची पद्धत पडली होती. आत्याची चिकूची वाडी आहे. ताई तिथे मांडवात बसून चिकू निवडायची, लहान, मध्यम, मोठे असे वेगवेगळ्या क्रेटमध्ये, आणि आत्या सगळ्यांना सांगायची की हिच्यासारखा हात वाडीत कुणाचा नाही. ताईला तिथे आवडायचं, म्हणून आम्ही आमच्या मनाची समजूत घालायचो. तिला कशासाठी पाठवतो हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण जीपमधून नेऊन सोडायचो मीच.

आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न लागलं की मुलीला हळूहळू कळेलच, आणि तोवर ती घरातली होईल. दोन ठिकाणी ताईला पाहून बोलणी मोडली होती, त्यामुळे आईला दोष देता येत नाही. वडील गप्प असायचे. मीही गप्प होतो, आणि माझ्या गप्प बसण्याला आईसारखं कारणही नव्हतं. मला लग्न करायचं होतं, बस्स.

लग्न मे महिन्यात झालं. मुलगी तलासरीजवळची, काकांच्याच बॅगेतली. माझ्या लग्नाला माझी बहीण नव्हती. हे वाक्य मी आजवर कुणाला बोललो नाही, इथे पहिल्यांदा लिहितो आहे. दहाव्या दिवशी मी गंजाडहून ताईला घेऊन आलो. तिच्या हातात चिकूची पिशवी होती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. मी घाईघाईने म्हणालो की ही माझी मोठी बहीण, आत्याकडे असते, आता इथे राहील. बायकोने ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि शांतपणे विचारलं, "अजून कोणी आहे का गंजाडला? असेल तर एकदमच आणा."

आई हसली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता वादळ होणार, आज नाही तर उद्या. मी वाट बघत राहिलो. वादळ काही आलं नाही, आणि त्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पुढची चार वर्षं तशी बरी गेली. आमचा ठाणे जिल्हा सुटून पालघर जिल्हा झाला, कॉलेजातले सगळे शिक्के बदलावे लागले. आम्हाला मुलगी झाली. वडील गेले. माझा स्वभाव मात्र बिघडला. मी घरात पाहुण्यासारखा कान देऊन बसायचो. बायकोचा आवाज ताईवर चढला का, ताईच्या ताटात वाढताना भाकरी कमी पडली का, दोघी बोलत नाहीत ते का. एकदा बायको ताईला रागावली, कारण ताईने धुतलेले कपडे पुन्हा बादलीत टाकले होते. त्यावर मी असा काही ओरडलो की मुलगी रडायला लागली. बायकोने एवढंच विचारलं की मी आईवर असं ओरडले असते तर तुम्ही बोलला असतात का.

मनात प्रश्न एकच होता आणि तो मी कधी विचारला नाही. मी आहे तोवर ठीक आहे, मी नसलो तर ताईचं काय? आई थकली होती, आत्या तिच्याहून थकलेली. उरली बायको. पण जिला आपण फसवून आणलं तिला हे कुठल्या तोंडाने विचारायचं? समजा विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर? न विचारलेलं बरं, असं मी ठरवलं. विमा आहे, तो बघून घेईल. पैसे असले की माणसं सांभाळतात. असा सगळा हिशोब मी एकट्याने केला होता आणि त्यात बायकोच्या खात्यावर शून्य धरलं होतं.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये एसटीत माझ्या छातीत कळ आली. आधी वाटलं पित्त आहे. घामाने शर्ट भिजला तेव्हा कंडक्टरने गाडी थांबवली, आणि एका टेम्पोवाल्याने मला थेट वापीला पोचवलं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे वापी. तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टेंट टाकली. नर्सबाई गुजरातीत समजावत होत्या की एवढ्या लहान वयात एवढं टेन्शन घ्यायचं नसतं. मी मान हलवत होतो आणि मनात वर्षं मोजत होतो. पॉलिसी २०२१ ला संपणार. ताईला तेव्हा चाळीस होतील. तिची तब्येत खणखणीत, डोकं सोडलं तर तिला साधी सर्दी होत नाही. ती सहज सत्तरी गाठेल. म्हणजे मी २०२१ च्या आत मेलो तरच तिचं भागणार होतं, आणि डॉक्टर तर मला वाचवून बसले होते.

हसू नका. तेव्हा मी खरोखर असाच विचार करत होतो.

घरी आल्यावर मला एका जागी बसवेना. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तेवढं मी मन लावून केलं. पारनाक्यावरून समुद्राच्या कडेने जायचो, सुरूच्या झाडांपर्यंत, आणि आल्या पावली परत. काकांना फोन केला, नवी पॉलिसी हवी म्हणून. ते म्हणाले की बेटा, आता तुला कोण देणार? स्टेंट म्हटलं की मेडिकल, आणि मेडिकल म्हटलं की नकार. दोनतीन वर्षं जाऊ दे, मग बघू. मी फोन ठेवला आणि परत चालायला लागलो.

नोव्हेंबरपासून धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीत तेव्हा राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आधी जमिनीखालून गडगडल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची, मग सगळे बाहेर. कधी दिवसात एकदा, कधी तीनचारदा. कॉलेजात वर्ग अंगणात भरायला लागले, मी टेबल टाकून आंब्याखाली दाखले लिहायचो. आतल्या गावांत लोक ताडपत्र्यांखाली राहू लागले. आमच्या घरी प्रत्येक धक्क्याला ताईचं एक ठरलेलं काम असे. ती पिण्याच्या पाण्याची कळशी उचलायची आणि अंगणात जाऊन बसायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही बाकीचे नुसते हात हलवत बाहेर धावायचो, आणि मग तिच्याच कळशीतलं पाणी प्यायचो.

त्या दिवसांत घरोघरी लोकांनी कागदपत्रांची एक पिशवी भरून दाराशी टांगून ठेवली होती. आम्हीही ठेवली. जानेवारीअखेर एका रविवारी मी ती पिशवी लावायला बसलो आणि पॉलिसीचा कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. मी लिपिक आहे. दुसऱ्यांचे कागद मी ओळीओळीने वाचतो, स्वतःचा पाच वर्षांत वाचला नव्हता. पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरात कलम होतं. पाच वर्षं पुरी होण्याआधी विमेदार ही पॉलिसी आजीवन विम्यात बदलून घेऊ शकतो, आणि त्यासाठी नवी वैद्यकीय तपासणी लागणार नाही.

मी ते चारदा वाचलं. तपासणी लागणार नाही. म्हणजे स्टेंट असली तरी चालेल. आणि आजीवन म्हणजे मी पंचेचाळिसाव्या वर्षी मरो की ऐंशीव्या, पैसे येणारच. पाच वर्षं पुरी व्हायला उरले होते दोन महिने. काका पाच वर्षांपूर्वी हेच सांगत होते आणि मी फोटो बघत होतो.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी विम्याच्या शाखेत गेलो. बायकोला सांगितलं नाही. काउंटरवरच्या बाई नव्या बदलून आलेल्या, मुंबईकडच्या, कामाला चोख. त्यांनी पॉलिसी तपासली आणि म्हणाल्या की हो, बदलता येईल, हप्ता मात्र पुष्कळ वाढेल. मी म्हटलं वाढू दे. मग त्यांनी विचारलं, वारस कोण? मी सांगितलं, अर्धा वाटा बायकोला आणि अर्धा बहिणीला, आणि बहिणीची परिस्थितीही थोडक्यात सांगितली. बाईंनी संगणकावर काहीतरी शोधलं, उठून कपाटातून जुनी फाइल काढली, मूळ फॉर्म पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पण यात तुम्हाला बहीण नाहीये."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. कुटुंबाचा रकाना असतो त्यात आई, वडील, भाऊ, बहिणी, त्यांची वयं आणि प्रकृती लिहायची असते. माझ्या फॉर्मात भाऊ नाही, बहीण नाही. मी म्हटलं की फॉर्म एजंटने भरला, त्याचा गाढवपणा आहे. बाईंना अशी वाक्यं रोज ऐकायची सवय असावी. त्या म्हणाल्या की घाबरू नका, पॉलिसीला तीन वर्षं उलटून गेली आहेत, या कारणावरून ती आता कुणी रद्द करणार नाही. पण नव्या फॉर्मात खरं लिहावं लागेल, आणि आधी का लिहिलं नाही याचा खुलासा वेगळ्या कागदावर. एजंटची चूक असेल तर एजंटकडून तसं लिहून आणा. त्यांनी जुन्या फॉर्मची प्रत काढून माझ्या हातात ठेवली. मी ती न बघताच घडी करून खिशात घातली, इतका मी तापलो होतो.

तसाच चिंचणीला गेलो. बसमध्ये मनातल्या मनात काकांना काय काय बोलायचं ते घोकत होतो. स्वतः लग्न जुळवता म्हणून लोकांच्या घरातली माणसं खोडता का? कमिशन मिळालं की झालं? काकांचं घर बंदराकडच्या गल्लीत, समोर दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. ते ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी चपलाही न काढता सुरू झालो. माझं संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, मी प्रत दिली, त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला.

"बेटा, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सगळी शाखा मला त्यावरून ओळखते," ते म्हणाले. "हे मोत्यासारखं अक्षर कोणाचं आहे ते तूच बघ."

मी बघितलं. बहीण, आडवी रेघ, नाही. न ला गाठ देण्याची माझी सवय आहे, कॉलेजातले दाखले त्याच न ने भरलेले आहेत. आणि मग मला तो मार्चमधला दिवस आठवला. काका फॉर्म भरायला लागले होते, मीच त्यांच्या हातातून ओढून घेतला होता, म्हटलं द्या, तुमचं अक्षर कोणी वाचायचं. कुटुंबाच्या रकान्याशी आलो तेव्हा माझा हात थांबला होता. कारण समोर बसलेला माणूस विमेवाला होता तसाच सोयरीकवालाही होता. याने वाचलं तर मुलीकडे पोचेल. मी त्यांच्या नजरेसमोर अक्षर वळवून वळवून नाही असं लिहिलं होतं. पाच वर्षं मी हे विसरलो होतो. खोटं बोलणारे विसरत नाहीत म्हणतात. लाज वाटली की माणूस छान विसरतो, हा माझा अनुभव.

मी ओट्यावर बसलो. काकूंनी पाणी आणून दिलं. मी विचारलं की तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं का. ते म्हणाले की डहाणूत कुणाच्या घरात किती ताटं मांडतात हे मला ठाऊक नसेल तर मी धंदा काय करणार? मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी उभाच राहिलो. त्यांनी मुलीकडे सगळं सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत. बोलणी होण्याआधी सांगितलेलं बरं असतं, नंतर शिव्या मध्यस्थाला पडतात, हा त्यांचा नियम. मुलीच्या बापाने नको म्हटलं होतं. मुलगीच म्हणाली की मुलगा चांगला आहे, बघू.

"मला तुमच्या घरच्यांना कळवता आलं असतं की मुलीकडच्यांना ठाऊक आहे," काका म्हणाले. "पण तुम्ही पोरीला गंजाडला लपवलेली. मी म्हटलं, यांना आपल्या वेळेने सांगू दे."

परतताना मी बस सोडून दिली आणि बरंच अंतर चालत गेलो. डॉक्टरांनी एवढं सांगितलं नव्हतं. कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं, आणि मला चिडल्याशिवाय चालताही येत नाही. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको ओट्यावर वाल सोलत होती, ताई बाजूला बसून सोललेल्यातले किडके काढत होती. मी उभ्यानेच विचारलं की तुला लग्नाआधी ठाऊक होतं?

तिने विचारलंही नाही की काय. हो म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली."

तिने हे चढ्या आवाजात म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती वाल सोलत राहिली. तिच्या हातांकडे बघताना मला दहाव्या दिवसाचं ते गंजाडचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा कळलं की ती तेव्हा मला दार उघडून देत होती. मी तिथून आत जाऊन तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी पाच वर्षं त्या दाराबाहेर पहारा देत बसलो. तिच्यावरच पहारा. मला स्वतःची इतकी किळस आली की मी न्हाणीत गेलो आणि उगाच तोंड धूत राहिलो.

त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं, विम्याचं, कलमाचं, फॉर्मचं. तिने ऐकून घेतलं. राग आला का असं मी विचारलं तर म्हणाली की आला होता, पहिल्या वर्षी. मग मुलगी झाली आणि वेळ मिळाला नाही.

तरी शाखेत जायला मला जवळजवळ दोन महिने लागले. फेब्रुवारी गेला. एक दिवस कॉलेजचं ऑडिट, एक दिवस मुलीचा ताप, एक दिवस मोठा धक्का बसला आणि शाखाच लवकर बंद झाली. खरं कारण तो खुलाशाचा कागद. मी रोज संध्याकाळी लिहायला बसायचो आणि फाडायचो. बायको फाटलेले कागद ताईकडे द्यायची, ताई त्यांच्या घड्या घालून ठेवायची. मार्चचे शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा बायको सकाळी साडी नेसून तयार होऊन बसली. ताईलाही तयार केलं होतं, केसांना तेल, नवा पंजाबी ड्रेस. म्हणाली की आज रजा टाका, मी रिक्षा सांगितली आहे.

शाखेत मार्चअखेरची गर्दी होती. काउंटरच्या बाईंनी ओळखलं, आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं आणि एक कोरा कागद दिला. खुलासा इथेच लिहा म्हणाल्या. मला हे नवीन नव्हतं. वीस शब्दांचे असे खुलासे मी कॉलेजात मुलांना आणि त्यांच्या पालकांना शेकड्यांनी लिहून दिले आहेत. त्या सगळ्यांत एक शब्द असतोच: नजरचुकीने. वडिलांचं नाव नजरचुकीने राहिलं, जात नजरचुकीने चुकली. तो शब्द लिहिला की साहेब पुढे वाचत नाहीत. मी तो लिहिलासुद्धा. मग शेजारी बघितलं. ताई बाकावर अगदी ताठ बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होती. या माणसाला नजरचुकीने मी कसा विसरलो असेन? मी तो शब्द खोडला आणि लिहिलं की माझे लग्न जमत होते, बहिणीमुळे ते मोडेल अशी मला भीती वाटली, म्हणून मी जाणूनबुजून लिहिले नाही.

बाईंनी वाचलं. त्या म्हणाल्या की असं कुणी लिहीत नाही, नजरचुकीने लिहा ना, तेवढं पुरतं. मी बायकोकडे बघितलं. तिने कागद घेऊन वाचला आणि म्हणाली, राहू द्या तसंच.

नवा फॉर्म मी भरला. कुटुंबाच्या रकान्यात बहीण, एक, वय अडतीस, प्रकृती उत्तम. वारसांत बायको आणि ताई, निम्मं निम्मं. बाई एकेक ओळ तपासत खाली आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या की या वारसाला स्वतः व्यवहार करता येत नाही, तेव्हा तिच्या वतीने रक्कम घेणारं आणि तिला सांभाळणारं कुणीतरी लागेल. रीतसर पालकत्वाचा दाखला पालघरला जिल्ह्याच्या ठिकाणी करावा लागतो, तो सावकाश आणा, पण नाव आज लिहा. तुमच्यानंतर हिचं कोण?

हाच तो प्रश्न. पैशांची सगळी व्यवस्था मी केली होती आणि माणसाची जागा कोरीच होती. आईचं नाव सांगावं, आत्याचं सांगावं, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं, आणि बायकोकडे बघायचा मला धीर होईना.

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, नात्याच्या पुढे नणंद असं लिहिलं, आणि सही केली. लिहिताना माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हे घरी विचारलं असतंत ना, तर विम्याशिवायही झालं असतं."

मग कागद बाईंकडे सरकवत म्हणाली की आता आलोच आहोत, तर विमाही करून टाका.